सतरा नंबरचा बिल्ला

१

त्या गावाचं नशीब तीनदा उघडलं आणि दोनदा झाकलं. आधी रेल्वे आली, तेव्हा गाव वाढलं. रेल्वेने वाट बदलली, तसं ते ओस पडलं. मग गावातूनच हमरस्ता गेला. लॉज निघाले, गॅरेजं निघाली, गाव पुन्हा बाळसं धरू लागलं, तोवर डोंगराच्या अंगाने नवा सहापदरी रस्ता झाला आणि गाड्या गावाकडे ढुंकूनही न बघता वरच्या वर पळू लागल्या. शेवटी आले पर्यटक. मग काय, जे जे म्हणून लोकांनी भंगारात काढायचं ठरवलं होतं, त्याला रंग लागला आणि त्याच्यापुढे माहितीची पाटी लागली. स्टेशनात कॅफे झाला, मालधक्क्यावर भेटवस्तूंची दुकानं आली. कुणाची भिंत पडायला झाली की शेजारी आता सांगतात, पाडू नकोस, दोन वर्षं थांब, ऐतिहासिक होईल.

जुना रेल्वे बोगदा दाखवायचं काम तिच्याकडे होतं. नऊ वर्षं ती तेच करत आली होती. खरं नाव तिला होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. गावाने तिला बोगदेबाई करून टाकलं होतं आणि तिनेही ते फारशी कुरकुर न करता घेतलं होतं. दिवसाला दोन फेऱ्या, अकराची आणि तीनची. बोगदा सहाशे मीटर आत जातो आणि थांबतो. पलीकडचं तोंड नव्या रस्त्याच्या भरावाखाली गाडलं गेलंय, त्यामुळे ज्या तोंडाने आत जायचं त्याच तोंडाने बाहेर यायचं. आत दर पन्नास पावलांवर भिंतीत एक कोनाडा आहे, बसायला दगडी ओटा असलेला. गाडी आली की रूळ तपासणारे गँगमन त्यात शिरायचे आणि ती जाईपर्यंत पाठ भिंतीला लावून बसायचे.

तोंडाशी एक केबिन होती आणि केबिनमध्ये एक काळा लाकडी फळा. फळ्यावर तीस खिळे आणि खिळ्यांना नंबर घातलेले पितळी बिल्ले. हा रेल्वेच्या वेळचा नियम होता: आत जाताना आपला बिल्ला घेऊन जायचा, बाहेर आलं की आपल्या खिळ्याला लावायचा. खिळा रिकामा दिसला की समजायचं, माणूस अजून आत आहे. पर्यटकांना हे फार आवडायचं. फक्त सतराव्या खिळ्याला बिल्ला नव्हता, तिच्याही आधीपासून नव्हता. कुणीतरी हमखास विचारायचं, "हा सतरा कुठाय?" आणि ती हमखास सांगायची, "तो अजून आत आहे." विनोद शिळा होता, पण हशा रोज ताजा मिळायचा.

एका मंगळवारी अकराची फेरी परत आणताना बाराव्या कोनाड्यापुढे तिच्या चपलेखाली काहीतरी वाजलं. तिने वाकून उचललं. बिल्ला होता, ओला, कडा झिजून गुळगुळीत झालेला. टॉर्चच्या उजेडात तिने अंगठ्याने चिखल पुसला, तर सतरा नंबर.

बाहेर येताच तिने तो मोठ्या हौसेने सतराव्या खिळ्याला लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि फळ्यासोबत तिचे फोटोही काढले.

२

केबिन सांभाळायचे सिग्नलकाका. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, काटकुळे. एक हात कमरेवर ठेवून दिवस दिवस उभे राहायचे म्हणून ते नाव. बोलायचे मोजकं. त्यांनी फळ्याकडे बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा कुणी लावला?"

"मी. आत सापडला, बाराव्या कोनाड्याशी. बघा ना, इतक्या वर्षांनी!"

"तू कशाला लावलास?"

"मग काय कपाळाला लावू?"

"आपला बिल्ला आपण लावायचा, पोरी. दुसऱ्याचा आपल्या हाताने लावू नये."

"का? पाप लागतं?"

"पाप कशाला लागेल? माणूस आत राहतो आणि फळ्यावर बाहेर दिसतो. मग त्याला शोधायला कोण जाणार?"

नियम शहाणपणाचा होता, त्यात भुताखेताचं काही नव्हतं. तरी नऊ वर्षं जो विनोद ती करत आली होती, तो त्या दिवशी तीनच्या फेरीत तिच्या तोंडून निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळा रिकामा होता. काकांनीच काढला असेल म्हणून तिने विचारलं, तर ते म्हणाले, "केबिनची एक किल्ली तुझ्याकडे, एक माझ्याकडे. मी काढला नाही."

"म्हणजे मी काढला?"

"मी तसं म्हटलं का?"

मग तिचा संशय गेला भेटवस्तूंच्या दुकानदारावर. तो या बिल्ल्यांच्या नकला करून किल्लीच्या साखळीला लावून विकायचा; नमुन्यासाठी लांबवला असेल. ती थेट दुकानात गेली. दुकानदार दुखावला. "अहो बाई, माझा माल बघा कसा आरशासारखा. तुमचं ते झिजकं पितळ घेऊन मी काय करू?" त्याच्या नकला खरोखरच चकचकीत आणि हलक्या होत्या, वर कडीसाठी भोक. तो खोटं बोलत नव्हता. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

अकराच्या फेरीत बाराव्या कोनाड्यापाशी तिने टॉर्च जरा आत वळवला. बिल्ला तिथेच होता, ओट्यावर, नंबर वर करून नीट ठेवलेला. आणि ओटा कोरडा होता. हा बोगदा बारा महिने तेरा काळ गळतो. छत गळतं, भिंती पाझरतात, बाकीच्या सगळ्या ओट्यांवर पाण्याचा थर असतो. इथे मात्र मधोमध एका माणसाच्या बसण्याएवढी जागा कोरडी होती. वरची भेग बुजली असेल, तिने स्वतःला सांगितलं. भेगा बुजतात, नव्या पडतात, त्यात काय एवढं. बिल्ला मात्र तिने उचलला नाही. का, असं कुणी विचारलं असतं तर हातात टॉर्च होता म्हणाली असती.

अगदी आतल्या टोकाला गेलं की ती टॉर्च बंद करायची आणि सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं करायची. वर भरावावरून जाणाऱ्या ट्रकची घरघर डोक्यात उतरायची. मग तिने एक, दोन, तीन म्हटलं की सगळ्यांनी मिळून एक टाळी वाजवायची आणि तिचा प्रतिध्वनी ऐकायचा. त्या दिवशी टाळी वाजली, प्रतिध्वनी आला, विरला. आणि मग आणखी एक टाळी वाजली. एकट्या माणसाची, सावकाश, कुणी पद्धत शिकून घेतंय तशी. ती मागून आली, त्यांच्या आणि उजेडाच्या मधून.

"वा!" एक बाई म्हणाल्या. "हे कसं करता हो?"

"मागे कुणी राहिलंय का?" तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. टॉर्च लावून तिने माणसं दोनदा मोजली. सगळी तिथेच होती.

३

आई आली शुक्रवारी. भावाने गाडीतून आणून सोडली. इंजिन चालूच ठेवून त्याने पिशवी खाली ठेवली आणि सूचना दिल्या. "आठ दिवस ठेव. गुडघ्याच्या गोळ्या निळ्या डबीत आहेत. ऐकू फार कमी येतं, तेव्हा उगाच चिडू नकोस. दिली तशी परत दे म्हणजे झालं."

"आई आहे का उसनी आणलेली शिडी?" ती म्हणाली. पण तोवर काच वर गेली होती.

नऊ वर्षांत आई पहिल्यांदा तिच्या घरी येत होती. घर म्हणजे एका बंद पडलेल्या लॉजच्या मागच्या दोन खोल्या. नवरा दूरच्या पल्ल्याच्या ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस बाहेर. तिने आईसाठी खिडकीजवळची कॉट आवरली, उशीला नवा अभ्रा घातला. आई अगदी लहान झाली होती. दंड धरला तर बोटं पुरून उरत होती. 

शनिवारी सकाळी आई तयार होऊन, पिशवी घेऊन दारात उभी.

"तुझं काम बघायला येते."

"आत काही बघण्यासारखं नाही गं. अंधार आहे नुसता."

"काय?"

"अंधार आहे!"

"मग लोक कशाला येतात?"

"अंधार बघायला."

"शहाणेच म्हणायचे," आई म्हणाली आणि चपला घालू लागली.

तिच्या मनात पाल चुकचुकली. बुधवारनंतर तसं काही झालं नव्हतं. बाराव्या कोनाड्याकडे ती बघतच नव्हती, त्यामुळे काही दिसलंही नव्हतं. पण एका टाळीला घाबरून आईला घरी ठेवायचं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय मनातून तिला हवंच होतं की आईने यावं. आपली लेक माणसांपुढे उभी राहून बोलते, लोक ऐकतात, हे आईने एकदा बघावं, इतकी साधी हाव होती ती.

काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते, त्यामुळे केबिनही तिच्याच गळ्यात पडली होती. तेरा पर्यटक आणि आई, अशी चौदा जणं झाली. एकापासून चौदापर्यंत बिल्ले वाटले. आईने हट्टाने नऊ नंबर मागून घेतला, कारण लेकीला इथे नऊ वर्षं झाली होती. सारख्या टोप्या घातलेलं एक वयस्कर जोडपं होतं, त्यांना तिने विनंती केली, "आईला जरा तुमच्याबरोबर ठेवाल?"

"निश्चिंत राहा," दोघंही म्हणाले.

४

फेरी नेहमीसारखी झाली, आणि पुढे तिला तेच सगळ्यात जास्त खुपलं. टोकाला जाऊन तिने टॉर्च बंद केला. मिनिट संपलं. टाळी वाजली, प्रतिध्वनी आला आणि विरला. ती श्वास रोखून थांबली. त्यानंतर काहीही आलं नाही. तिला इतकं हायसं वाटलं की परतताना ती सगळ्यांच्या पुढे चालत, जुने किस्से सांगत, लोकांना हसवत आली. मागे एकदाही वळून बघितलं नाही.

काका असते तर त्यांनी एकेकाला फळ्यापुढे उभं करून आपापला बिल्ला आपापल्या खिळ्याला लावायला लावला असता. त्यात पाव तास जातो. पर्यटकांच्या बसचा ड्रायव्हर तर आत्ताच हॉर्नवर बसला होता. आजच्या दिवस चालेल, असं म्हणून ती एक पत्र्याचा डबा घेऊन बोगद्याच्या तोंडाशी उभी राहिली. टाका यात, नंतर मी लावते. खण्, खण्. बिल्ले पडत गेले आणि ती आवाजावर मोजत गेली. तेरा झाले.

"बाई, पुढचं गाव चुकेल आमचं!" ड्रायव्हर ओरडला.

"आलंच, एक राहिलंय!" ती त्याच्याकडे वळून ओरडली. तेवढ्यात शेजारून कुणीतरी सावकाश बाहेर आलं, उन्हाने दिपून डोळ्यांवर हात धरून, जसे सगळेच येतात तसं. "पायरी आहे, जपून," ती न बघताच म्हणाली. तिच्या बोटांना गार बोटं लागली. खण्. चौदा. तिने लोखंडी दार ओढलं आणि कुलूप घातलं.

केबिनमध्ये जाऊन ती घटाघटा पाणी प्यायली. मग आईला चहा विचारायला बाहेर आली. बाकावर आई नव्हती. चहाच्या टपरीवर नव्हती. बायकांच्या स्वच्छतागृहातही नव्हती. हाक मारून उपयोग नाही हे माहीत असूनही तिने दोन हाका मारल्या. मग ती निघायच्या बेतात असलेल्या बसपाशी धावली.

"आई कुठाय माझी?"

टोपीवालं जोडपं एकमेकांकडे बघू लागलं. "त्यांच्यासोबत कुणीतरी होतं ना?" टोपीवाल्या बाई म्हणाल्या. "उंच, जरा वाकून चालणारे. आत दोघं बोलत होती. आम्हाला वाटलं, तुमच्यातलेच कुणी."

"बोलत होती? आईला ऐकू येत नाही!"

तिने बसमधली माणसं मोजली. तेरा. तेराच्या तेरा तिथे बसली होती.

ती केबिनमध्ये आली आणि डबा टेबलावर पालथा केला. बिल्ले ओळीत लावले. सहा, सात, आठ, दहा. नऊ नव्हताच. सगळ्यात शेवटी एक उरला, ओला, कडा झिजलेला. त्याचा नंबर वाचायची गरज नव्हती.

 बिल्ले चौदा आले होते आणि तिने चौदा मोजले होते. नंबर एकाचाही बघितला नव्हता. केबिनच्या खिडकीतून स्टेशनपुढचा रस्ता दिसत होता. रस्त्याच्या मधोमध कुणीतरी पाठमोरं उभं होतं, डोळ्यांवर हात धरून, सावकाश इकडे वळत, तिकडे वळत. माणसं त्याला वळसा घालून फोटो काढत चालली होती. मग मध्ये एक टेम्पो आला आणि गेला, त्यानंतर तिथे कुणी दिसलं नाही.

त्याच्यामागे जायचं की आत? खरं तर तिला हा प्रश्न पडलाच नाही. ती कुलपाकडे धावली.

५

एकटी ती या बोगद्यात कधी गेली नव्हती. नऊ वर्षांत तिच्या हे लक्षातच आलं नव्हतं. नेहमी मागे दहा-बारा माणसांची पावलं असायची. आता स्वतःच्याच चपलांचा आवाज पुढे जाऊन परत यायचा आणि कुणीतरी समोरून येतंय असं वाटायचं. तिने "आई!" म्हणून हाक मारली. बोगद्यानेही "आई" म्हटलं. पुन्हा मारायची तिची छाती झाली नाही.

चौथा कोनाडा. पाचवा. म्हातारं माणूस आहे, दम लागला म्हणून टेकलं असेल. गुडघा धरला असेल. टोपीवाल्यांना सावली दिसली असेल, अंधारात माणसाला काय वाटेल ते दिसतं. डबा दुकानदाराच्या पोराटोरांनी हाताळला असेल. मनाला ती एकेक कारण पुरवत गेली आणि मन एकेक खाली टाकत गेलं. दहावा. अकरावा.

बाराव्या कोनाड्यात आई बसली होती. पाठ भिंतीला, मांडीवर पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तशी.

"आई," तिच्या तोंडून जेमतेम कुजबुज निघाली.

"आलीस? ओरडू नकोस, ऐकू येतंय मला."

ती ओरडली नव्हती. 

"ऊठ. चल बाहेर."

"थांब जरा. मी जागा धरलीय."

"कुणाची?"

"इथे बसले होते त्यांची. बाहेर ऊन आहे का, विचारत होते. म्हटलं, रगड आहे. तर म्हणाले, जागा सोडून जाता येत नाही. म्हटलं, एवढंच ना? मी बसते तोवर, तुम्ही बघून या."

हा आईचा जन्माचा आजार होता. बसमध्ये, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, जिथे जाईल तिथे ती अनोळखी माणसांच्या जागा धरायची. शेजारच्या सीटवर रुमाल टाकून कंडक्टरशी भांडायची. एकदा कुणा बाईची जागा धरता धरता तिची स्वतःची गाडी सुटली होती, आणि घरचे चिडले तेव्हा ती म्हणाली होती, शब्द दिला होता मी. लहानपणी पोरांना याची लाज वाटायची.

"आई, पुरे झालं. ऊठ म्हणते ना!" तिने आईचा दंड धरला आणि ओढला.

आई हलली नाही. तिने टॉर्च खाली ठेवला, दोन्ही हातांनी आईच्या काखेत धरलं आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. सकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून जिला तिने एका हाताने उचलून घेतलं होतं, ती आई तसूभरही हलेना. जमिनीत पुरलेला रूळ ओढावा तसं झालं. तिला रडू फुटलं.

"रडू नकोस गं," आई शांतपणे म्हणाली. "मी उठत नाही असं नाही. उठता येत नाहीये. ते आले की येईल."

"आणि नाही आले तर?"

आईने खरंच विचार केला. "येतील. माणूस बरा वाटला."

वर एक अवजड ट्रक गेला. घरघर भिंतीत मुरली आणि मग सगळं गप्प झालं. ती आईच्या पायाशी बसली आणि तिने तिचे दोन्ही पाय घट्ट धरून ठेवले. आई येत नसेल तर मी पण नाही जाणार, इतकंच तिच्या डोक्यात होतं. तो बाहेर आहे, समोर मोकळा रस्ता आहे, लख्ख ऊन आहे. परत कोण कशाला येईल? त्याच्या जागी ती असती तर आली असती का? आली नसती, हे तिला स्वच्छ कळत होतं.

तेवढ्यात पावलं ऐकू आली.

तोंडाकडच्या उजेडाच्या ठिपक्यात काहीतरी काळं होतं आणि ते मोठं होत होतं. चाल थकलेल्या माणसाची, पण न रेंगाळणारी. टॉर्च वर करायचा तिला धीर झाला नाही. तो जमिनीवर पडला होता तसाच पडू दिला. त्याच्या उजेडात दोन बूट येऊन थांबले. जाड, भेगाळलेले, आणि त्यांच्यावर रस्त्याची पिवळी, कोरडी धूळ. उन्हात वाळवून आत आणलेल्या पांघरुणांना येतो तसा वास आला.

आई ओट्यावर जराशी सरकली. "बसा. झालं बघून?"

तिला काही उत्तर ऐकू आलं नाही. आई मात्र मान हलवत होती, हं हं करत होती, मध्येच हसलीसुद्धा. मग तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठली. कापसाच्या उशीएवढं वजन होतं तिला.

दोघी उजेडाकडे चालू लागल्या. वळून बघावं असं तिला वाटलं नाही असं नाही. मानच वळली नाही.

६

बाहेरचं ऊन अंगावर पडलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला. बस अजून उभीच होती. टोपीवाल्या बाई धावत येऊन आईच्या गळ्यात पडल्या, त्यांचे यजमान दहादा माफी मागून गेले, आणि मघाशी हॉर्न बडवणारा ड्रायव्हर स्वतः चहा घेऊन आला. आईने नऊ नंबरचा बिल्ला पिशवीतून काढला आणि स्वतःच्या हाताने नवव्या खिळ्याला लावला. टेबलावर तेरा बिल्ले होते. चौदावा जिथे होता तिथे पाण्याचा एक गोल तेवढा उरला होता, तोही वाळत आला होता.

बस गेली. दोघी केबिनपुढे बसल्या, आई खुर्चीवर, ती पायरीवर. आधी ती आईवर भरपूर ओरडली. मग पोटभर रडली. आईने दोन्ही होऊ दिलं. ऐकू येत नसल्याचा तेवढा एक फायदा.

"परत आल्यावर काय म्हणाले ते?" तिने शेवटी आईच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"तू ऐकलं नाहीस?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"म्हणाले, स्टेशन आहे तिथेच आहे, पण गाडीची वाट बघणारं कुणी नाही. जो तो फोटो काढतोय." आईला पुन्हा हसू आलं. "आणि म्हणाले, ऊन मात्र तेच आहे. तेवढं बघायचं होतं, ते झालं. आता पुन्हा कुणाला त्रास देणार नाही, म्हणाले."

मंगळवारपासून तिच्या छातीत जी गाठ बसली होती ती सुटली. सुटताना कळली, इतकी घट्ट होती. त्या माणसाचं तिला वाईट वाटलं, मनापासून वाटलं, आणि तरीही आपण सुटलो याचा आनंद तिला लपवता येत नव्हता.

"खरं सांगू?" आई कपात बघत म्हणाली. "मला काही भीती वाटली नाही. गुडघासुद्धा दुखत नव्हता. दादाकडे तरी काय वेगळं असतं? मागच्या खोलीतल्या खुर्चीत सकाळी बसवतात, दिवे लागले की उठवतात. बोलायला कुणी येत नाही. यांनी निदान आधी विचारलं, बसाल का म्हणून."

 ती आईच्या चपलांकडे बघत राहिली. मग तिने फोन काढला आणि भावाला लावला.

"दादा, आई आठ दिवसांनी येणार नाही."

"का? काय झालं? पडली का?"

"पडली नाही, छान आहे. इथेच राहील."

"इथेच म्हणजे? अजून किती दिवस?"

"दिवस नाही मोजले," ती म्हणाली. "तिची बाकीची औषधं तेवढी पाठव."

 मग भावाने हळूच विचारलं, "ती काही बोलली का माझ्याबद्दल?"  "तू येऊन विचार," ती म्हणाली. "मोठ्याने विचार म्हणजे ऐकू येईल."

"काय म्हणाला?" आईने विचारलं.

"हो म्हणाला!" ती इतक्या जोरात ओरडली की टपरीवरची माणसं वळून बघू लागली.

तीनची फेरी तिने रद्द केली. दारावर तशी पाटी लावली आणि पायरीवर आईच्या पायांशी येऊन बसली. खाली रस्त्यावर पर्यटक हिंडत होते, वरच्या रस्त्यावर ट्रक चालले होते. थोड्या वेळाने केबिनची सावली खुर्चीवर आली. ती उठणार तेवढ्यात आईच आपली आपण उठली, खुर्ची हातभर उन्हात ओढून घेतली आणि पुन्हा बसली.